चेहरा कुणाचा, नाव कुणाचे?

मैत्रिणींनो, नव्या भांड्यावर नाव घालून घेतले नाही अशी आपल्यापैकी एकही नसेल. दुकानाच्या पायरीवर बसलेला तो माणूस, हातात इवलीशी हातोडी आणि टोकदार खिळ्यासारखे हत्यार, आणि टकटक करीत टिंबाटिंबांनी उमटत जाणारे 'सौ.' पासूनचे आपले नाव. आता विजेवर चालणारी लेखणी आली, काम झरझर होते, पण अक्षर मात्र पूर्वीइतके देखणे येत नाही असे माझे मत. एकदा नाव कोरले की ते भांडे आपले. मंगळागौरीला, मुंजीला दहा घरी फिरून आले तरी नाव वाचून कुणीतरी परत आणून देतेच.

चित्राचे मात्र अगदी उलटे असते, बरं का! भांड्यावर खोटे नाव घातले तर शेजारीण दुसऱ्या दिवशी ओळखेल. पण चित्राखाली एखादे नाव एकदा कोरले, की तो चेहरा त्याच माणसाचा ठरतो. शंभर-दीडशे वर्षे ठरतो. मग तो खराच त्याचा आहे का, हे विचारायला कुणी जात नाही. आज मी तुम्हाला सांगणार आहे ती हकीकत अशाच एका चेहऱ्याची आहे. ज्याच्या डोक्यावर इंग्रज सरकारने एक लाख रुपयांचे इनाम लावले, ज्याची चित्रे लंडनच्या साप्ताहिकांत हजारोंनी छापली गेली, आणि तरीही जो दिसत कसा होता हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या नानासाहेब पेशव्यांची.

आधी एक घोटाळा दूर करते, कारण तो पुष्कळांचा होतो. पेशव्यांत नानासाहेब दोन. एक थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव बाळाजी बाजीराव. पानिपतानंतर १७६१ मध्ये वारले ते. आपले नानासाहेब ते नव्हेत. हे दुसरे, १८५७ चे. यांचे पाळण्यातले नाव वेगळे, दप्तरातले नाव धोंडोपंत, आणि लोकांच्या तोंडी नानासाहेब. जन्म १८२४ चा, गाव कर्जतजवळचे वेणगाव. घर भटांचे, गरीब. दुसरे बाजीराव पेशवे १८१८ च्या जून महिन्यात सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हा वर्षाला आठ लाखांची नेमणूक देऊन इंग्रजांनी त्यांना कानपूरजवळ गंगाकाठी बिठूरला नेऊन ठेवले. पुण्याला परत यायचे नाही, ही अट. पोटी मुलगा नाही, म्हणून १८२७ मध्ये बाजीरावांनी वेणगावचा हा तीन वर्षांचा पोर दत्तक घेतला. तीन वर्षांचे मूल! आपल्याकडे या वयाची मुले अजून आईचा पदर सोडत नाहीत. दत्तकविधानाच्या कथा वाचताना मला नेहमी त्या वेणगावच्या आईचा विचार येतो. तिचे नाव गंगाबाई, एवढेच इतिहासात उरले आहे.

१८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारले. इंग्रजांनी सांगितले, नेमणूक बाजीरावांपुरती होती, दत्तकाला ती मिळणार नाही. पेशवेपदाचे नाव तर काढायचेच नाही. नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्लाखान नावाचा हुशार वकील थेट विलायतेला पाठवला. काही उपयोग झाला नाही. त्याच सुमाराला सातारा, झाशी, आपले नागपूर, एकामागून एक गाद्या दत्तकाच्या कारणावरून खालसा होत होत्या. आपला वऱ्हाडही १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तो याच दिवसांत, फक्त त्याचे कारण वेगळे, निजामाच्या डोक्यावरचे फौजेचे कर्ज. तेव्हा बिठूरला बसलेला हा माणूस राजा नव्हता, पण राजेपणाचा हक्कदार होता. आपल्या मुलुखापासून दूर, दुसऱ्याच्या नजरेखाली.

पुढचे तुम्ही शाळेत वाचलेच आहे. १८५७ च्या जूनमध्ये कानपूरची पलटण उठली, नानासाहेब तिच्या अग्रभागी आले, आणि जुलैच्या आरंभी बिठूरला त्यांनी स्वतःला पेशवा म्हणून जाहीर केले. पण त्याच महिन्यात जे घडले ते सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नाही. विशेषतः आपण बायकांनी. पंधरा जुलैला कानपुरातल्या 'बीबीघर' नावाच्या बंगल्यात कोंडलेल्या सुमारे दोनशे इंग्रज बायका-मुलांची कत्तल झाली. तो हुकूम नानासाहेबांचा होता की नव्हता, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. त्यानंतर आलेल्या इंग्रज सेनापती नीलने पकडलेल्या लोकांना ते रक्त जबरदस्तीने साफ करायला लावून मग फासावर चढवले, हेही तितकेच खरे. या बातम्या जहाजाने विलायतेत पोचल्या मात्र, तिथल्या घराघरांत एकच प्रश्न सुरू झाला: तो नानासाहेब दिसतो तरी कसा?

आणि इथून आपल्या चित्रांची गोष्ट सुरू होते.

लाकडावर कोरलेला चेहरा

त्या काळी वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे. कॅमेरा निघाला होता, पण फोटो कागदावर शाईने छापण्याची युक्ती अजून साधली नव्हती. मग चित्र कोरावे लागे. १८४२ मध्ये लंडनला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' नावाचे सचित्र साप्ताहिक निघाले. त्याचे सगळे वैभव या कोरलेल्या चित्रांवर होते. आपल्या या साप्ताहिकांचे ते पणजोबाच म्हणा ना.

ते कोरायचे कसे, ते सांगते. बॉक्सवुड नावाचे एक फार घट्ट, बारीक रेषेचे लाकूड असते. झाड लहान, त्यामुळे मोठी फळी मिळत नाही. म्हणून आडव्या कापलेल्या छोट्या छोट्या चकत्या मागून स्क्रू-बोल्टाने जोडून एक मोठा ठोकळा करायचा. त्यावर चित्रकार चित्र काढायचा, तेही आरशातल्यासारखे उलटे, कारण छापले की ते सुलटे होणार. मग जे पांढरे राहायला हवे ते सगळे कोरून टाकायचे. उरलेल्या उंच रेषांना शाई लागायची. म्हणजे आपल्या छापील साडीचा किंवा रजईचा लाकडी ठसा असतो, तोच प्रकार. फक्त केसाइतक्या बारीक रेषांचा. बातमी ताजी असली आणि घाई असली, की बोल्ट सैल करून ठोकळ्याचे तुकडे वेगळे करीत आणि एकेक तुकडा एकेका कारागिराला देत. एकाकडे पगडी, दुसऱ्याकडे गालमिशा, तिसऱ्याकडे हातातली तलवार. रात्रभर कोरून सकाळी पुन्हा सांधायचे. जुनी चित्रे बारकाईने पाहिली तर मधूनच एखादी पांढरी सरळ भेग दिसते ना, ती या सांध्याची.

पुस्तकातली महागडी चित्रे मात्र पोलादाच्या पत्र्यावर कोरीत. तिथे उलटी रीत. रेघ खोल खणायची, खाचेत शाई भरायची, पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद दाबून खाचेतली शाई वर ओढून घ्यायची. हे आपल्या भांड्यावर नाव घालण्याच्या जास्त जवळचे. पोलाद झिजत नाही म्हणून एका पत्र्यावरून हजारो प्रती निघत. चार्ल्स बॉल नावाच्या लेखकाने बंडाचा जाडजूड इतिहास हप्त्याहप्त्याने काढला, त्यात 'नानासाहेब आपल्या लवाजम्यासह' असे एक पोलादी चित्र आहे. आजही जुन्या चित्रांच्या व्यापारात ते विकले जाते, काही प्रतींत मागाहून हाताने रंग भरलेले असतात.

आता विचार करा, हा कोरणारा लंडनचा. त्याने हयातीत मराठी माणूस पाहिलेला नाही. पुणेरी पगडी आणि लखनवी टोपी त्याला एकच. समोर कुणाचे तरी रेखाटन असेल तर त्याबरहुकूम कोरणार, नसेल तर काय? संपादक तर सांगतो, या शनिवारी नानासाहेब पाहिजेतच!

इलस्ट्रेटेड लंडन न्यूजने १८५७ च्या सप्टेंबरात नानासाहेबांचे चित्र छापले तेव्हा त्याला आधार दिला होता. बीची नावाच्या एका इंग्रज चित्रकाराने १८५० मध्ये बिठूरला काढलेल्या तैलचित्रावरून घेतले, असा. हा बीची लखनौच्या नवाबाच्या पदरी होता. तेव्हा पटण्यासारखी गोष्ट आहे. पण त्या सुमारास जी इतर चित्रे निघाली ती एकमेकांशी जुळत नाहीत. गळ्यातल्या मोत्यांच्या माळा मात्र सगळ्यांत आहेत. हिंदुस्थानचा राजा म्हटला की माळा पाहिजेतच, एवढे त्या कारागिरांना पक्के ठाऊक असावे.

मीरतचा ठेकेदार

त्र्याण्णव नंबरच्या स्कॉटिश पलटणीत विल्यम फोर्ब्ज-मिचेल नावाचा सार्जंट होता. कानपूर-लखनौच्या लढायांत तो स्वतः होता. म्हातारपणी, १८९३ मध्ये, त्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यात तो लिहितो, की नानासाहेब म्हणून जे चित्र सगळीकडे खपले ते मुळी नानासाहेबांचे नाहीच! ते आहे अयोध्याप्रसाद नावाच्या, लष्कराला धान्य-सामान पुरवणाऱ्या एका बड्या ठेकेदाराचे.

झाले ते असे. जॉन लँग नावाचा एक वकील होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, हिंदुस्थानात वकिली करणारा आणि 'मुफस्सिलाइट' नावाचे वर्तमानपत्र चालवणारा. कंपनी सरकारविरुद्ध खटले घ्यायला तो घाबरत नसे. एका ठेकेदाराचा मोठा खटला त्याने जिंकून दिला होता, आणि अशा अशिलाची तसबीर त्याच्याजवळ विलायतेत होती. बंडाच्या बातम्या आल्या, चित्राची मागणी सुटली, आणि लंडनच्या चित्रवाल्यांना हिंदुस्थानी माणसाची एवढी एकच तसबीर हाती लागली. हा नानासाहेब नव्हे, असे लँगने सांगूनही पाहिले म्हणतात. पण लोकांना नानासाहेब हवे होते आणि कागद वाट पाहत नव्हता. मिचेलची हकीकत खरी असेल, तर जन्मभर सरकारी पलटणीला पीठ-डाळ पुरवलेल्या एका गृहस्थाचा चेहरा सरकारच्या सगळ्यांत मोठ्या शत्रूचा म्हणून इंग्लंडच्या दिवाणखान्यांत गेला. त्या बिचाऱ्याला प्रवासात कुणी ओळखले असते तर!

आता एकीकडे चित्रकाराचे नाव आणि साल घातलेले चित्र, दुसरीकडे या सार्जंटची साक्ष, तीही पस्तीस वर्षांनंतरची. दोहोंचा मेळ घालणे सोपे नाही. माझ्यापुरते मी एवढेच म्हणेन, की बीचीच्या नावाचे चित्र निदान आपला पत्ता सांगते. बाकीची सांगत नाहीत.

या लँगबद्दल आणखी थोडे सांगायचा मोह आवरत नाही. हाच तो वकील, ज्याला १८५४ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी सल्ल्यासाठी बोलावले होते. राणी पडद्याआडून बोलत होत्या; बोलता बोलता पडदा जरासा सरला आणि लँगला त्यांचे क्षणभर दर्शन झाले. ते त्याने लिहून ठेवले, म्हणून राणींच्या रूपाविषयी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचे दोन शब्द तरी आपल्याजवळ आहेत. आणि तो बिठूरला नानासाहेबांचा पाहुणा म्हणूनही राहून आला होता. तिथल्या जेवणाचे त्याने केलेले वर्णन कुठल्याही गृहिणीने वाचावे असे आहे. साहेबासाठी मुद्दाम टेबल मांडलेले, पण नॅपकिनच्या जागी झोपण्याच्या खोलीतला टॉवेल. एका संचाची दोन भांडी म्हणून नाहीत. दिवाणखान्याच्या वस्तू शेजघरात आणि शेजघराच्या दिवाणखान्यात. लँगने ती गंमत म्हणून लिहिली. मला मात्र त्या वाड्यातल्या, पंगतीची पाने डोळे मिटून मांडणाऱ्या बायकांची दया आली. आयुष्यात कधी काटा-चमचा न पाहिलेल्यांना साहेबाचे टेबल लावायला सांगितले, तर दुसरे काय होणार? उद्या लँगला केळीच्या पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपापल्या जागी वाढायला सांगितले असते तर त्याने काय दिवे लावले असते?

तर सांगायचे ते हे, की नानासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेला माणूस लंडनमध्ये होता. तरी चित्र चुकले, असे मिचेल म्हणतो.

मग बिठूरच्या वाड्यातली खरी चित्रे कुठे गेली? वाडाच राहिला नाही. १८५७ च्या जुलैमध्येच इंग्रज फौजेने तो जाळला आणि पाडला. पुढे त्या वाड्याच्या विहिरीचा उपसा करून सैनिकांनी सोन्याची ताटे आणि चांदीची भांडी बाहेर काढली, ते काम मिचेलच्या पलटणीनेच केले. भांडी पाण्यात वाचली, कागद आणि कापडावरची चित्रे कशी वाचणार?

चेहरा शोधणारे

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वी एक चित्र चुकले, त्याचे आज काय एवढे? त्या चेहऱ्यापायी माणसे पकडली गेली, हे त्यातले मोठे.

१८५९ मध्ये नानासाहेब नेपाळच्या तराईत शिरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते हिवतापाने वारल्याची बातमी नेपाळमधून आली. पण प्रेत कुणी पाहिले नाही, तेव्हा सरकारचा विश्वास बसेना. सरकारी दप्तरात त्यांची खूण लिहिलेली होती. रंग उजळ, चेहरा गोल, डोळे मोठे, नाक सरळ. अहो, हे वर्णन घेऊन आपल्या ओळखीपाळखीतली चार लग्ने हिंडून या, पन्नास नानासाहेब सापडतील! त्यातल्या त्यात उपयोगाच्या खुणा दोन. पायाच्या अंगठ्यावर डॉक्टरने चिरा दिल्याचा व्रण, आणि कान कापलेला एक नोकर, जो कायम बरोबर असतो.

१८६३ मध्ये अजमेरला एक माणूस नानासाहेब म्हणून धरला. तो नव्हे असे ठरले. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला आणखी एक धरला. जयाजीराव शिंद्यांनीच त्याला इंग्रजांच्या हवाली केले. तोफखाना, पहारे, तारा, वर्तमानपत्रे, सगळा गदारोळ झाला. त्याला कानपूरला आणले आणि नानासाहेबांना पूर्वी पाहिलेली माणसे ओळख पटवायला बोलावली. त्यांत डॉक्टर ट्रेसिडर होते, बंडाआधी कानपूरला सिव्हिल सर्जन असलेले. नानासाहेबांवर त्यांनी स्वतः उपचार केलेले. हा तो नव्हे, असे शेवटी निघाले. बैरागी, गोसावी, यात्रेकरू, असे किती जण या संशयात सापडले याची गणती नाही. घरदार सोडून हिंडणाऱ्या, थोडे शुद्ध मराठी बोलणाऱ्या माणसाची तेव्हा धडगत नव्हती. पुढे पुढे तर सरकारही कंटाळले. शतक संपता संपता एका तरुण अधिकाऱ्याने मोठ्या उत्साहाने तार केली, 'नानासाहेबाला पकडले आहे, हुकूम द्यावा', आणि उलट तार आली, 'ताबडतोब सोडून द्या', असा किस्सा सांगतात. खराखोटा कोण जाणे, पण शोभतो खरा.

आपल्या वऱ्हाडालाही या शोधाची झळ लागली होती. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले ते नानासाहेबांच्या, पेशव्यांच्या नावाने. मुलताईपर्यंत ते आले. मेळघाटातून खाली वऱ्हाडात उतरण्याच्या वाटा इंग्रजांनी अडवून धरल्या, म्हणून त्यांना पश्चिमेकडे वळावे लागले. नाहीतर अकोला-वाशीमच्या इतिहासात एक वेगळेच पान लिहिले गेले असते. तात्या १८५९ च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला फासावर गेले. त्यांचे निदान एक रेखाटन खात्रीचे म्हणतात, ते खटल्याच्या दिवसांत एका इंग्रज अधिकाऱ्याने काढलेले आहे. पकडले गेले म्हणून चेहरा उरला. नानासाहेब सापडले नाहीत, म्हणून चेहराही सापडला नाही.

मग जे हाती नसते ते कल्पनेने भरून निघते. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने १८८० मध्ये वाफेवर चालणाऱ्या हत्तीची कादंबरी लिहिली, तिच्यात खलनायक म्हणून नानासाहेब आहेत. तिची सुरुवात कुठे होते माहीत आहे? औरंगाबादला! म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. भिंतीवर नानासाहेबांना पकडण्याच्या इनामाचा जाहीरनामा लागलेला आहे आणि एक फकीर त्यावरचे नाव फाडून टाकतो, असा प्रसंग. त्या पुस्तकातही कोरीव चित्रे आहेत, अर्थात सगळी पॅरिसमध्ये बसून काढलेली. १८८३ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर 'नानासाहेब' नावाचे नाटकच आले, त्यात सुप्रसिद्ध नटी सारा बर्नहार्ट होती. वेणगावच्या भटांच्या पोराचे नाव पॅरिसच्या नाटकाच्या जाहिरातीत! कुणाच्या नशिबी काय असेल सांगता येत नाही.

ज्यांचे चित्रच नाही

एवढी सगळी चित्रे झाली, पण नानासाहेबांबरोबर परागंदा झालेल्या बायकांचे काय? बाजीरावांच्या विधवा मैनाबाई आणि सईबाई, नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई, या रानावनातून नेपाळात पोचल्या. तिथला कर्ताकरविता जंगबहादूर राणा इंग्रजांचा मित्र. त्याने पुरुषांना थारा दिला नाही, बायकांना काठमांडूत थापाथळीला राहू दिले. पेशव्यांच्या घराण्यातला प्रसिद्ध नौलखा हार त्यांच्याजवळ होता, मोती, हिरे आणि पाचूंचा. तो जंगबहादूरने विकत घेतला. पोट भरायला दागिना मोडण्याची वेळ आलेल्या बाईला किंमत कोण काय देणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे तो हार नेपाळातून दरभंग्याच्या महाराजांकडे गेला. हाराचा प्रवास नीट नोंदला आहे. काशीबाईंचा तितका नाही. आणि बाजीरावांना उतारवयात झालेली मुलगी बयाबाई, ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिलेली, विसाव्या शतकापर्यंत जगली. दत्तक भावाचा चेहरा खात्रीने सांगू शकेल असे शेवटचे माणूस बहुधा तीच.

मी अर्धा वेळ शाळेत शिकवते, म्हणून आता थोडे आजचे बोलते. स्टेशनरीच्या दुकानात 'थोर देशभक्त' असा तक्ता मिळतो. मुले त्यातली चित्रे कापून वहीत चिकटवतात. नानासाहेबांचे त्यातले चित्र याच कोरीव चित्रांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नकलांवरून आलेले असते. १९८४ मध्ये आपल्या टपालखात्यानेही नानासाहेबांचे तिकीट काढले. त्या तक्त्यावर बंदी घाला असे माझे म्हणणे नाही. समोर चेहरा असल्याशिवाय मुलांना नाव लक्षात राहत नाही, हे मी रोज पाहते. पण चौथीच्या मुलालाही 'हे चित्र लंडनच्या वर्तमानपत्रातले आहे, खरे नानासाहेब असेच होते की नाही ते नक्की नाही' एवढे सांगता येते. सांगून पाहिले आहे. वर्गातली सगळ्यांत वांड मुले त्या दिवशी सगळ्यांत शांत बसतात, कारण गोष्टीत एक चोरवाट सापडलेली असते. मग प्रश्न येतात. तो कान कापलेला नोकर कोण? तो ठेकेदार रागावला नाही का? घरी तुमच्या मुलांनाही ही गोष्ट सांगून बघा.

आणि आपल्या घरच्या भिंतीकडेही एकदा बघा. देवघराच्या वर, माजघरात, जुन्या तसबिरी असतात. काही छापील, काही फोटो. सासूबाईंच्या सासूबाई म्हणून जी नऊवारीतली बाई दाखवतात ती खरेच त्या की त्यांची जाऊ, हे सांगणारे माणूस घरात आज असेल, पाच वर्षांनी असेलच असे नाही. आजच विचारून घ्या. तसबीर खाली काढलीच आहे तर तिची थोडी काळजीही घ्या. जुन्या चौकटीच्या मागे बहुधा साधी फळी किंवा पिवळा पुठ्ठा असतो. त्यातल्या आम्लाने कागदावर तपकिरी डाग पडतात. तो काढून पांढरा, जाड, आम्लविरहित पुठ्ठा घाला, मोठ्या शहरात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मागितला तर मिळतो. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये कडेने पुठ्ठ्याची पट्टी ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दमट हवेने चित्र काचेला चिकटते आणि सोडवताना साल निघते. मोरीच्या भिंतीला आणि समोरून ऊन येणाऱ्या भिंतीला तसबीर लावू नये. कसर लागली असेल तर मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओले फडके अजिबात लावू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. आणि लॅमिनेशन तर नकोच नको, ते पुन्हा काढता येत नाही.

नाव लिहायचे ते चित्राच्या मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिशाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने. पूर्ण नाव, माहेरचे नाव, गाव आणि अंदाजे साल. बॉलपेन वापरू नका. दाबून लिहिले की पुढे चेहऱ्यावर वळ उठतो, आणि शाई ओलीने पसरते.